छत्तीसावा फोटो

इंझोरी
ता. १२ नोव्हेंबर २०२४

हलिमा,

फाडू नको. आधी वाच, मंग फाड.

मी तुळसा. तुह्या माहेरच्या भिंतीले जिची भिंत, ते तुळसा, लग्नानंतरही बाबाच्याच घरात राह्यलेली. चौथीपर्यंत आपण दोघी एकाच पाटीवर लिहीत होतो, अर्धी तुही अन् अर्धी माही, अन् तू दरवेळेस माह्या अर्ध्यात घुसायची. अक्षर ओळखू येते का पाहाय. गुरुजी म्हणत का कोंबडीनं पाय पुसले, तर ते कोंबडी अजून जिती हाये.

वच्छलाच्या लग्नाचं मी काहीच काढत नाई. माह्या लहान बहिणीचं लग्न, मीच बाबाले म्हटलं होतं का फोटोले हलिमाच्या मालकालेच बोलवा, कामरगावले त्यायचा स्टुडिओ हाये. फोटो कोरे निंघाले, युनूसभाईचं नाव खराब झालं, तू भांडायले आली, मी चारचौघात बोलली. स्टुडिओ बंद पडला, तुमी शेलूबाजारले घड्याळाचं दुकान टाकलं. त्रेचाळीस वर्षं झाली. बाजारात समोर आलो तर तू वांगे पाहतं अन् मी बांगड्या पाहते. तेही मी काढत नाई.

कामाचं लिहिते. माह्या पोराची पोरगी वैजयंती नागपूरले फोटोचं कॉलेज शिकते. हसू नको, फोटोचं कॉलेज असते, तीन वर्षांचं. दिवाळीच्या सुट्टीपासून इथंच हाये, कॅमेऱ्याशिवाय परत जात नाई म्हणते. तिच्या मास्तरनं सांगतलं का मोबाइलवर फोटो तर शेळ्या चारणाराही काढते, तुमी रीळवाला कॅमेरा आणा. तो आता दुकानात भेटत नाई. जुनाच घ्या लागते, अन् तो मोबाइलवर लिलावात भेटते.

हलिमा, तो लिलाव पाहून मी येडीच झाली. आपला बैलबाजारच समज, फक्त शेण पडत नाई. कॅमेऱ्याचा फोटो असते, खाली बोलीचा आकडा, अन् बाजूले घड्याळ उलटं चालते. घड्याळ संपलं का ज्याचा आकडा मोठा, त्याचा कॅमेरा. कलकत्त्याचा माणूस तिकडून बोली लावते अन् मी त्याले इकडून खाटेवर बसल्या बसल्या मागं टाकू शकते. दिवाळीत आमी दोघी त्या मोबाइलातच डोकं घालून बसलो. सून म्हणे, आत्याबाई, चकल्या जळल्या. मी म्हटलं, जळू दे, इथं सतरा मिनिटं राह्यली.

पण त्यात फसवतात म्हणे लय. म्हणून लिहिलं. युनूसभाईसारखा कॅमेऱ्यातला जाणकार मले दुसरा माहीत नाई. तू माह्यासंग बोलू नको, फक्त त्यायले इचार का जुना कॅमेरा घेतांना काय काय पाहाचं. अन् त्यायचा तो काळा जपानी कॅमेरा, त्यायच्या मामूनं कुवेतहून आणलेला, त्याचं नाव काय होतं. मले तसाच पाह्यजे. काहून ते मलेही सांगता येत नाई, पण तसाच.

सोबत कोरं कार्ड ठेवलं. त्याच्यावर माहा पत्ता टाकलेला हाये, तुले माहं नाव लिहायचाही त्रास नाई.

तुळसा


ता. २३ नोव्हेंबर

हलिमा,

कार्ड आलं नाई. पोस्टाचं काही सांगता येत नाई, म्हणून मी मनावर घेतलं नाई. पण काल जे झालं ते कोणाले तरी सांगाच लागते, अन् इथं सगळ्यायले सांगून झालं.

वैजयंतीले एक कॅमेरा दिसला. काळा, चमकदार, तेल लावलेल्या पोरासारखा. भाव इतला कमी का माह्या मनात पाल चुकचुकली, पण ते पोट्टी भाळली. मंग त्या विकणाऱ्याचा निरोप आला, ताई, लिलावात कायले पडता, माह्या खात्यात सरळ पैसे टाका, आज दुपारच्या आत, अजून तिघं मागून राह्यले. वैजयंतीचं बोट मोबाइलवर टेकलंच होतं.

तुले माहे बाबा आठोतात. पुंजाजी दलाल. जिल्ह्यातल्या सगळ्या बैलबाजारात त्यायच्या शब्दावर जोड्या जात. मी लहानपणी त्यायच्या मागं मागं फिरली हाये, आईचा मार खाऊन. जो बैल बाजाराच्या बाहेर, झाडाखाली उभा करून विकते, त्याच्याकडं बाबा पाहतही नव्हते. बाजारात पावती फाटते, चार लोकं साक्षी असतात, उद्या बैल लंगडला तर धरायले माणूस भेटते. झाडाखालचा माणूस संध्याकाळी झाडाखाली नसते.

मी वैजयंतीचं बोट धरलं. म्हटलं, हा झाडाखालचा हाये.

ते म्हणे, आजी, फोटोत किती चांगला दिसून राह्यला.

आता बैल काय उभा पाहून घेतात? बाबा त्याले चालवत, बसवत, उठवत, पाणी पाजत. दात तर पाहतच. मी म्हटलं, याले म्हणा चालवून दाखव. एका चिठ्ठीवर तुळसाबाई इंझोरी असं लिहाचं, ते चिठ्ठी कॅमेऱ्याजवळ ठेवाची, अन् खटका दाबून आवाज ऐकवाचा, आत्ताच्या आत्ता.

त्यानं आधी सांगतलं का कॅमेरा गोदामात हाये. मंग काका वारले. मी म्हटलं, काका वारले तर आज पैसे कसे मोजशीन, राहू दे, तेराव्यानंतर चिठ्ठी लिही. तवापासून तो गायब. अन् गंमत ऐक, वैजयंतीनं तोच फोटो मोबाइलवर धुंडाळला तर तो परदेशातल्या कोण्या दुकानाचा निंघाला. बैल दुसऱ्याच्या गोठ्यातला अन् दोर याच्या हातात.

तवापासून घरात मले कोणी आजी म्हणत नाई. सगळे दलालबाई म्हणतात. मले इतला आनंद झाला का मी काल दोन वेळा चहा पेला. बाबा असते तर म्हणले असते, पोरगी माही हाये. बाबाचा तर आमच्याकडं एक फोटोही नाई, तुले माहीतच हाये. वच्छलाच्या लग्नातच काढला होता, खिलारी जोडीच्या मधात उभं करून. जाऊ दे.

युनूसभाईले इचारलं का? अजून एक कार्ड ठेवून राह्यली.

तुळसा


ता. ४ डिसेंबर

हलिमा,

कार्ड आलं. कार्ड आलं व माय. मी कापूस वेचून आली तर दाराच्या फटीत खोचलेलं होतं. सून म्हणे, आत्याबाई, धापा कायले टाकता, लॉटरी लागली का. म्हटलं, हो.

तुह्या हातचं एक अक्षर नाई, ते मी लगेच पाह्यलं. सगळं युनूसभाईचं, बारीक, मुंगी चालल्यासारखं. ना सलाम ना नमस्कार. वर कॅमेऱ्याचं नाव अन् खाली पाच ओळी. पण कार्ड तर तूच त्यायच्या हाती देल्लं असन ना. तितलं मले पुरते.

वैजयंतीनं मोठ्यानं वाचलं अन् मी एकेका ओळीवर बोट ठेवलं.

पहिली ओळ, भिंगातून बॅटरी मारून पाहा, कोळ्याचं जाळं दिसलं तर बुरशी, घेऊ नये. हे मले लगेच समजलं. लोणच्याले ज्याची नजर हाये त्याले बुरशी शिकवा लागत नाई.

दुसरी, सेलचं झाकण काढून पाहा, हिरवा गंज नको.

तिसरी, खटका सगळ्या वेगावर वाजवून मागा. सगळ्यात सावकाशवाला खरंच सावकाश वाजला पाह्यजे. हे तर बैलाची चालच झाली. जोरात तर कोणताही पळते, सावकाश चालवलं का खोड दिसते.

चौथी, मागच्या झाकणाच्या कडेचा स्पंज चिकट झाला असन तर उजेड आत शिरते. तेवढं बदलता येते, त्यासाठी सोडू नये.

पाचवी ओळ अशी हाये, मागचं झाकण उघडलं का वरचा आकडा आपोआप सुरुवातीले आला पाह्यजे, नाई आला तर कॅमेरा बिघडलेला समजावं.

मले समजलं नाई. वैजयंतीनं सांगतलं का किती फोटो झाले तो आकडा कॅमेऱ्याच्या डोक्यावर दिसते. झाकण उघडलं का तो परत पहिल्यावर जाते, काहून का रीळ संपल्याशिवाय कोणी झाकण उघडतच नाई. मी म्हटलं, अन् मधातच उघडलं तर? ते म्हणे, आजी, मंग संपलंच ना, उजेड लागला का काढलेले सगळे फोटो जळतात, एका क्षणात, कोरे.

मी लसूण सोलून राह्यली होती.

बाकीचं उद्या लिहिते. आज हात दुखून राह्यला.


ता. ५ डिसेंबर

हात नाई दुखत. खोटं लिहिलं. ते वरचं पान मी टाकून देणार होती, पण राहू दे, माहा आनंदही तुले दिसू दे अन् खोटंही.

हलिमा, तो कॅमेरा मी उघडला होता.

वैशाखातलं ऊन, पहिली पंगत बसलेली. युनूसभाई हात धुवायले गेले तवा त्यायनं कॅमेरा मधल्या खोलीतल्या खाटेवर ठेवला, उशीवर, लेकरू निजवल्यासारखा. मी लाडूचं ताट घ्यायले आत गेली. मले वाटत होतं का आत छोटे छोटे फोटो असतात, पापडासारखे एकावर एक. बाबाचा जोडीसोबतचा कसा आला इतलंच पाहाचं होतं. भात शिजला का ते पाहायले आपण झाकण काढतोच ना? मी खिडकीजवळ गेली, उजेडात. एक बटन वर ओढलं तर झाकण टपकन उघडलं. आत तांबूस फीत. मी बोटानं उचलून पाह्यली. तिच्यावर काहीच नव्हतं, ना बाबा, ना बैल, ना नवरी. मले रागच आला. म्हटलं, इतले पैसे घेते अन् आत नुसती फीत. झाकण लावलं अन् ठेवून देल्ला.

युनूसभाई आले, कॅमेरा उचलला अन् म्हणे, आकडा मागं कसा गेला, कोणी उघडला का? मी ताट घेऊन तिथंच उभी होती. मी नाई म्हटलं. भीतीनं नाई व. काही बिघडलंच नाई, तर सांगाचं काय, असं वाटलं.

फोटो कोरे आले तवा एकदा मनात आलं होतं. एकदाच. पण पाठवणीचे चार चांगले निंघाले, तर मी मनाले समजावलं का माह्या हातानं बिघडलं असतं तर ते चारही नसते निंघाले. कालच वैजयंतीले इचारलं. ते म्हणे, जेवणानंतरचे फोटो ज्या फितीवर निंघाले ते तवा रिळाच्या डबीतच गुंडाळलेली होती, तिले उजेड लागला नाई.

अन् तू आली होती. पारावर, माह्या दारासमोर. तू इतलंच म्हटलं होतं का त्यायचा आकडा मागं गेला, घरातल्या कोणीतरी झाकण उघडलं. अन् मी पंधरा-वीस बायामाणसायच्या देखत बोलली, नवऱ्याले काम येत नाई अन् बायको आमच्या घरावर आळ घेते. त्याच्यापुढं तुमाले कोणी लग्नाले बोलावलं नाई. कोरा फोटोवाला म्हणत लोकं. ते नाव माह्या तोंडातूनच निंघालं, पाणी घेऊन जाणाऱ्या पोरायनं उचललं.

मले आता तुले माफी मागता येत नाई, मले तशी भाषा येत नाई. मी काय करणार ते सांगते. पारावर बोलली, तर पारावरच परत घेईन. वच्छलाले सकाळीच फोन केला. ते म्हणे, बाई, तू लहानपणी कोंबडीच्या खालचे अंडेही रोज उचलून पाहायची, एकही पिल्लू निंघू देल्लं नाई. मंग हसली. मंग रडली. मंग म्हणे, आता युनूसभाईले तोंड कसं दाखवू, मी तर त्यायच्या दुकानावरून जातांना पदर ओढते.

आमी ठरवलं हाये. कॅमेरा भेटला का वच्छलानं अन् तिच्या मालकानं, आमच्या जावयानं, परत उभं राह्यचं, हार घालून, अन् फोटो युनूसभाई काढतील. त्यायनं काढले तर.

तू काहीही लिही. शिव्या लिही. कार्ड ठेवलं हाये.

तुळसा


ता. १५ डिसेंबर, रविवार

हलिमा,

तुहं काही आलं नाई, अन् मी तोंड वर करून परत लिहून राह्यली. पण तुह्याशिवाय कोणाले सांगू. कॅमेरा भेटला. तोच. त्याच नावाचा, काळा, जड.

साताऱ्याकडचे एक रिटायर मास्तर हायेत, त्यायचा. आधी आमी त्यायचे जुने गिऱ्हाईक पाह्यले, लोकं तिथं लिहून ठेवतात का माणूस कसा हाये ते. बावन्न जणायनं चांगलं लिहिलं अन् एकानं लिहिलं का मास्तर फोनवर लय बोलतात. मी म्हटलं, हाच माणूस पाह्यजे.

त्यायले पाचही ओळी पाठवल्या. माणसानं दुसऱ्या दिवशी पाचही करून पाठवल्या, मोबाइलवर, हलत्या चित्रात. चिठ्ठीवर वळणदार अक्षरात तुळसाबाई, इंझोरी. बॅटरी मारली, भिंग विहिरीच्या पाण्यासारखं. सेलची जागा स्वच्छ. खटका सावकाश वाजला तवा मी हातावर ताल धरला. स्पंज त्यायनं सोताच बदललेला. मंग म्हणे, आता पाचवं पाहा, अन् मागचं बटन वर ओढलं. झाकण टपकन उघडलं. तोच आवाज, हलिमा. अन् डोक्यावरचा आकडा सरकन मागं गेला.

मी ते सात वेळा पाह्यलं. युनूसभाईनं खोटं पाह्यलं नव्हतं. त्या दिवशी तो आकडा असाच गेला असन.

लिलाव आज दुपारी चारले संपणार होता. वैजयंतीनं सकाळीच भिंतीवर खडूनं आकडा लिहिला, म्हणे आजी, याच्यावर जायचं नाई, लिलावात माणसाले चेव येते. मले कोण शिकवते. बाबा रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून भाव करत तवा त्यायच्या तोंडावरची माशी हलत नव्हती. आपल्याले किती पाह्यजे ते बाजाराले दिसू द्यायचंच नाई. मी वैजयंतीले सकाळपासून बोली लावू देल्ली नाई. ते नखं खात होती. दुसरं कोणीतरी आकडा वाढवत होतं, थोडा थोडा, अधीर माणूस. मी म्हटलं, त्याले दमू दे.

एक मिनिट राह्यलं तवा मी म्हटलं, टाक. तिनं टाकला. त्यानं वाढवला. तिनं माह्याकडं पाह्यलं, मी भिंतीकडं पाह्यलं. अजून जागा होती. म्हटलं, भिंतीवरचा पुरा टाक अन् हात काढ. घड्याळ उलटं चाललं, पाच, चार, तीन. मी डोळे मिटले. वैजयंती इतल्या जोरात वरडली का शेजारची सोजरबाई पिठाच्या हातानं धावत आली, म्हणे कोण गेलं. म्हटलं, कोणी गेलं नाई, आलं.

पैसे आमी साइटमधूनच भरले. कॅमेरा आपल्या हातात येऊन आपण बरोबर हाये म्हणेपर्यंत ते मास्तरले भेटत नाईत, मधातच राहतात. बाबाच्या बाजाराहून हे बरं हाये. मास्तरचा फोन आला होता. खरंच लय बोलतात. त्यायच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीचं बाळंतपण, सगळं झालं. मीही सगळं सांगतलं. तुहंही. ते म्हणे, बाई, कॅमेरा मी कापसात गुंडाळून पाठवतो, पण बाकीचं तुमचं तुमाले पाहा लागन.

बारा जानेवारीचा रविवार ठरवला हाये. इंझोरीत, पारावर. वच्छला अन् जावई येतात. युनूसभाईले निरोप धाडते. तुलेही. तू नाई आली तरी मी बोलणारच हावो, तुह्या येण्यासाठी बोलत नाई.

पण ये.

तुळसा


ता. १३ जानेवारी २०२५

हलिमा,

काल शेलूबाजारच्या जीपमधून उतरणारा एक एक माणूस मी पाह्यला. सातवे युनूसभाई उतरले. आठवं कोणी नव्हतं.

परत तुह्याकडं घरी गेले तवा त्यायनं तुले काय सांगतलं मले माहीत नाई. ते कमी बोलतात, त्यातलंही अर्धं घड्याळासंग. म्हणून मी सांगते.

कॅमेरा त्यायच्या हातात देल्ला तवा त्यायनं आधी तो नाकाजवळ नेला अन् हुंगला. मंग खटका दाबला, कानाजवळ धरून. वैजयंतीनं इचारलं, आजोबा, बरा हाये का. ते म्हणे, तुह्या आजीनं बैल चांगला निवडला. हे त्यायले कोणी सांगतलं? मी बैलायचं तर फक्त तुले लिहिलं होतं. म्हणजे माहे पत्रं तुमच्या घरात वाचले जातात. मी तिथंच अर्धी जिती झाली.

पारावर पन्नासेक लोकं होते. तवाचे पाच-सहाच उरले, बाकी त्यायचे पोरं अन् सुना. मी उभी राह्यली. पाठ करून ठेवलं होतं, सगळं विसरली. मी इतलंच बोलली, "वच्छलाच्या लग्नाचे फोटो युनूसभाईनं नाई बिघडवले, मी बिघडवले. मी झाकण उघडलं अन् नाई म्हटलं. हलिमा खरं बोलत होती, अन् मी तिले याच जागेवर खोटी पाडली." मंग खाली बसली.

 मागून एक म्हातारी म्हणे, काय म्हणली व, मोठ्यानं बोल. मंग परत उभी राह्यली अन् सगळं परत म्हटलं, ओरडून. दोनदा झालं. एकदा तुह्यासाठी, एकदा त्यायच्यासाठी, असं समज.

युनूसभाई कॅमेऱ्यात रीळ भरून राह्यले होते. मान वर न करता म्हणे, "बाई, मले वाटत होतं मीच आकडा चुकीचा पाह्यला असन. त्रेचाळीस वर्षं मी सोतालेच इचारून राह्यलो."

  मले तर ते शिव्या देतील असं वाटलं होतं, त्याची मी तयारी करून ठेवली होती.

मंग फोटो. वच्छलानं लग्नाचा शालू काढला होता, तो अर्ध्यावरच संपला, मागून पिना लावल्या. जावयानं हार घातला अन् तोंड घट्ट मिटून बसले. युनूसभाई म्हणे, जावईबापू, थोडं हसा. ते म्हणे, दात घरी राह्यले. तवा सगळा पार जो हसला, तितल्यातच खटका वाजला. युनूसभाईचे हात थरथरतात, मी पाह्यलं, पण खटका दाबायच्या वेळेस थांबतात. मले वाटलं, हे हात कुठं होते इतले वर्षं. मंग आठोलं, कुठं होते ते.

बाबाच्या जागी कोणाले उभं करणार. बैलही नाईत, पोरायनं ट्रॅक्टर आणला. मीच उभी राह्यली, दोन हातात दोन कासरे धरून, रिकामे. वैजयंतीनं सांगतलं तसं. लोकं हसले, पण युनूसभाई नाई हसले. त्यायनं तो दोनदा काढला.

आता जे सांगाचं ते सांगते. पंगत बसली. युनूसभाईले पहिल्या पंगतीले बसवलं. हात धुवायले उठले अन् कॅमेरा कुठं ठेवावा म्हणून इकडं तिकडं पाहू लागले. मधल्या खोलीत तेच खाट हाये, हलिमा, तेच. मी चुलीजवळ होती, मुद्दाम दूर. ते सरळ माह्याकडं आले अन् कॅमेरा माह्या हातात देल्ला. म्हणे, "हलिमानं सांगून धाडलं हाये. तुळसा को बोलो, इस बार खोलना मत."

त्रेचाळीस वर्षांत तुहं मले आलेलं हे पहिलं बोलणं. मी पदर कमरेले खोचला, कॅमेरा मांडीवर घेतला अन् त्यायचं जेवण होईपर्यंत हलली नाई. सून वाढायले बोलावत होती, वच्छला बोलावत होती. एक माशी नाकावर बसली, तेही हाकलली नाई, हात मोकळा नव्हता.

जेवून आले तर आकडा पस्तीस होता. जिथं होता तिथंच. युनूसभाईनं पाह्यला, माह्याकडं पाह्यलं, अन् म्हणे, छत्तीसातला एक राह्यला, बाई, तुमचा एकटीचा काढू का. मी नाई म्हटलं. यावेळेसचं नाई खरं होतं.

आता कॅमेरा माह्या पेटीत हाये, बाबाच्या रुमालात गुंडाळून. किल्ली माह्या गळ्यात. रीळ संपल्याशिवाय झाकण उघडाचं नाई, हे तर तुह्याच घरून शिकून आली मी. वैजयंतीले येत्या सोमवारी नागपूरले जायचं हाये, ते म्हणते आजी, माह्या कॉलेजचं काय. वच्छलानं आज सकाळपासून तीनदा फोन केला का फोटो कवा दिसतील. जावई म्हणतात, दात लावून परत काढा. सगळे तुह्यावर अडून बसले हायेत, अन् मी सगळ्यायले तसंच सांगून राह्यली का मले नका बोलू, शेलूबाजारले बोला.

छत्तीसावा आपल्या दोघींचा हाये. पाटीसारखा, अर्धा तुहा अन् अर्धा माहा. तू माह्या अर्ध्यात घुसशीन ते मले माहीत हाये. घुस.

यावेळेस कार्ड ठेवलं नाई.

तुळसा